अर्जदार समक्ष हजर

माझं शिवणकामाचं दुकान सात नंबरच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. ही हकीकत माझ्याकडे काज-बटणाला असलेल्या मुलीची. एकोणीस-वीस वर्षांची. हात इतका स्वच्छ की तिनं केलेलं काज उलट्या बाजूनंही सुलटं वाटायचं. पण बोलण्याच्या नावानं शून्य. गिऱ्हाईक आलं की ती मशीनवर एवढी वाकायची की केस सुईत अडकतील अशी मला धास्ती वाटायची. बोललीच तर ओठातल्या ओठात. तिच्या आईनंच तिला लहानपणी कुजबुज म्हणायला सुरुवात केली आणि पुढे सगळ्या वसाहतीनं तेच नाव उचललं.

एकदा मी बोलण्याच्या नादात एका शर्टाला पाचाऐवजी सहा बटणांच्या खुणा केल्या. तिनं मुकाट सहा काजं केली. शर्ट वाया गेला. चूक दिसली होती तर बोलली का नाहीस, असं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही बोलत होतात, काका." मी कपाळावर हात मारून घेतला.

आमची इमारत आठ मजल्यांची. एक जिना, एक लिफ्ट. लिफ्ट बंद पडली तेव्हा पहिले दोन आठवडे लोकांनी थट्टा केली, कुणाचं पोट किती उतरलं याच्या पैजा लावल्या. दोन महिन्यांनी थट्टा आटली. सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की वरच्या मजल्यांवरची काही माणसं दिसेनाशी झालीत. मेली नव्हती. खाली येत नव्हती, एवढंच. वसाहत कार्यालयात अर्ज जात होते आणि प्रकरण विचाराधीन असल्याचं उत्तर येत होतं. त्या कार्यालयात आवक टेबलावर अर्ज घेणारा कारकून म्हणजे कुजबुजचाच बाप. तिसऱ्या मजल्यावर राहायचा. लोक जिन्यात त्याला अडवायचे, आणि तो दोन्ही हात वर करून सांगायचा की बाबांनो, मी फक्त शिक्का मारतो.

जिन्यामागे पूर्वी सायकली ठेवायची खोली होती. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, ती झाडूनपुसून घेतली, बाकं टाकली. रोज संध्याकाळी सहाला तिथं लोक वीस मिनिटं गप्प बसत. कोण कुणाची प्रार्थना करतंय हे कुणी कुणाला विचारत नसे. वीस मिनिटं झाली की सिस्टर दिवा लावायच्या आणि पाटीवर लिहिलेली कामं वाटायच्या. कुणाची औषधं, कुणाचं पाणी, कुणाचं नुसतं डोकावून येणं.

कुजबुज तिथं देवासाठी गेली नव्हती. तिनं मला नंतर सांगितलं की तिथं बोलावं लागत नाही असं ऐकलं, म्हणून गेली. पहिल्याच दिवशी दिवा लागल्यावर ती दाराकडे सरकत होती. सिस्टरनी तिच्या हातात गोळ्यांची पिशवी दिली आणि सांगितलं, सहावा मजला, डावीकडचं दार, आजी बोलेल, तू ऐकायचं.

ती खिळेवाली आजी. उभी हयात छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची उलटी अक्षरं, जुळवण्यात गेलेली. अक्षरं उलटी वाचायची सवय इतकी मुरलेली की समोरच्याच्या हातातलं पत्र ती आपल्या बाजूनं सरळ वाचून मोकळी व्हायची. बोलायला लागली की दोघींना पुरून उरेल एवढं बोलायची. कुजबुज गोळ्या द्यायची, पाण्याची कळशी भरायची आणि पायाशी बसून ऐकायची. पुढे पुढे तिचा सहाव्या मजल्यावरचा मुक्काम वाढत गेला आणि माझ्याकडची काजं उशिरा व्हायला लागली. आजी तिला रागवायची सुद्धा. म्हणायची, "तुझं ओठांत अडकलेलं वाक्य मला उलटंही वाचता येतं. कार्यालयातल्या साहेबाला येणार आहे का?"

चार महिन्यांत कुजबुजला वरच्या प्रत्येक घराची खडान्‌खडा माहिती झाली. कोणतं दार अडकतं, कुणाला जेवणाआधी गोळी लागते, कोण एकटं असताना रडतं. माझ्या कटिंगच्या कागदाच्या मागे तिनं आठ मजले आखले होते आणि खाली उतरू न शकणारी बारा माणसं त्यात आपापल्या जागी लिहिली होती. मी विचारलं, हे कशाला? तिनं कागद दुमडून ठेवला.

मग तो रविवार आला. सकाळी दहाच्या सुमाराला आजीचा श्वास लागला. सिस्टरनी रुग्णवाहिका बोलावली, ती अकरा मिनिटांत आली. तिथवर सगळं वेळेत होतं. पण आमच्या जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. दोघा माणसांनी आजीला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं, चादरीनं बांधलं आणि उतरवायला लागले. चादर सुटायची, पुन्हा बांधायची. कुजबुज एका हातात आजीचा हात आणि दुसऱ्यात तिची पिशवी धरून बाजूनं उतरत होती. दोन मजले उतरायला पस्तीस मिनिटं लागली. चौथ्या मजल्याच्या वळणावर, कुणाच्या तरी दारातल्या चपलांच्या शेजारी, आजी खुर्चीतच गेली.

रुग्णवाहिकेतला माणूस सिस्टरना हळूच म्हणाला की लिफ्टनं हे चार मिनिटांचं काम होतं. त्याला वाटलं मुलीला ऐकू गेलं नाही.

तीन दिवस ती कामावर आली नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी आत होतो. तोवर मीही अधूनमधून जायला लागलो होतो, खरं सांगायचं तर दिवसभर वाकलेली पाठ टेकायला. सिस्टरनी तिला बस म्हणून खूण केली. ती म्हणाली, मी बसणार नाही, देवाशी बोलायला माझ्याकडे चांगलं काहीच नाही.

"मग वाईट बोल," सिस्टर म्हणाल्या. "रागानं बस. इथं गप्प बसायचा नियम आहे. शांत असायचा नाही."

ती बसली. मी चोरून पाहिलं, तिच्या मुठी वळलेल्या होत्या आणि जबडा घट्ट होता. त्या वीस मिनिटांत काय झालं ते तिनं मला बऱ्याच दिवसांनी, काजं करता करता, मान वर न करता सांगितलं. म्हणाली, "मी त्याला विचारलं, त्या दिवशी तू कितव्या मजल्यावर होतास? उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. पण काका, विचारता विचारता मला कळलं की मी कुणाला तरी विचारतेय. भिंतीशी कुणी इतकं भांडत नाही." त्या दिवसापासून तिचा विश्वास बसला. कसल्या समाधानानं नाही, भांडणानं. आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याला सोडून कसं जायचं, असं तिचं म्हणणं.

दिवा लागला आणि सिस्टर पाटी उचलणार, तेवढ्यात ती उभी राहिली. काहीतरी बोलली. कुणालाच ऐकू गेलं नाही. मागच्या बाकावर दुसऱ्या मजल्यावरचा मुकादम बसला होता. गोदामातल्या हमालांचा मुकादम, खांदे दारात मावत नाहीत असा गडी. तो म्हणाला, मोठ्यानं बोल पोरी. मग ती परत बोलली. उद्या मी कार्यालयात जाणार आहे, कोण येतंय?

तिच्याबरोबर आम्ही तिघं गेलो. सिस्टर, मुकादम आणि मी.

साहेब वागायला गोड माणूस. बसा म्हणाला नाही, पण हसून बोलला. फाईल उघडून दाखवली. लिफ्टबद्दल अर्ज बरेच आहेत, पण सगळे खालच्या मजल्यांवरचे. दुकानदार, दुसरा मजला, फार तर तिसरा. ज्यांना लिफ्टची गरजच नाही त्यांची तक्रार ग्राह्य कशी धरायची? नियम असा आहे की बाधित रहिवाशानं स्वतः समक्ष हजर राहून अर्ज द्यायचा. मुकादम म्हणाला, साहेब, ती माणसं खाली येऊ शकत नाहीत, हीच तर तक्रार आहे. साहेबानं हात पसरले. नियम त्यानं केलेले नव्हते.

या सगळ्या वेळात कुजबुज टेबलाच्या कडेला उभी होती. ओठ हलत होते, पण शब्द टेबलापर्यंत पोचत नव्हता. काचेपलीकडे आवक टेबलावर तिचा बाप खाली मान घालून कागदांची थप्पी सारखी करत होता. सारखीच होती ती.

बाहेर पायरीवर आल्यावर ती थांबली. म्हणाली, "आणूया."

मी विचारलं, काय आणायचं?

"त्यांना. सगळ्यांना. समक्ष."

मला आधी वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय. मुकादमानं मात्र जिन्याकडे बघावं तसं आकाशाकडे बघितलं आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं. मग म्हणाला, होईल.

आजी गेल्यावर कागदावर अकरा माणसं उरली होती. कुजबुज एकेकाच्या दारी गेली. काही जण लगेच तयार झाले. सातव्या मजल्यावरचा, एक पाय गेलेला बस-ड्रायव्हर तर म्हणाला, नेता का फेकता ते तुम्ही बघा, मला एकदा रस्ता दाखवा. काहींना लाज वाटत होती. आपलं आजारपण चव्हाट्यावर मांडायचं, खुर्चीवरून मिरवत जायचं, लोक काय म्हणतील. सगळ्यात अवघड होते आठव्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर. त्यांनी सांगितलं की माझं वजन एकशे आठ किलो आहे, मला खाली नेणं म्हणजे चार निष्पाप माणसांवर सूड उगवणं. दोनदा तिला परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, समजा नेलंत, तर तिथं साहेबापुढे बोलणार कोण? तुझा तर आवाज निघत नाही. मी काय, मी नुसतं ओझं.

ती म्हणाली, "ओझं आम्ही उचलू, सर. बोलायचं तुम्ही."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि माझे पांढरे कपडे इस्त्री करून आण म्हणाले.

चादरी सुटतात हे आम्ही पाहिलं होतं, म्हणून पट्टे शिवायचं ठरलं. जाड कॅनव्हास दुहेरी घेऊन, टोकांना चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिलाई. ती शिलाई तुटत नाही, कापड फाटतं आधी. आठवडाभर दुकानात दुसरं काम झालं नाही. मुकादम संध्याकाळी खुर्चीवर पोतं बांधून जिन्यात सराव घ्यायचा. चढताना पाठ पुढे, उतरताना तोंड पुढे, वजन मांड्यांवर, हिसका द्यायचा नाही. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं बघायला म्हणून आली आणि पट्टे धरून उभी राहिली.

तिच्या घरी मात्र वादळ झालं. ते मला तिच्या आईकडून कळलं. बापानं तिला बसवून सांगितलं की हे घर नोकरीमुळे आहे, साहेबानं ठरवलं तर महिन्यात बाहेर काढेल, आपण त्या कार्यालयाचं मीठ खातो. ती ऐकून घेत होती, नेहमीसारखी. शेवटी म्हणाली, "बाबा, आजी वरच्या वळणावर गेली. रविवार होता. तुम्ही घरात होतात. तुम्ही दार उघडलं नव्हतंत."

त्या रात्री बाप जेवला नाही. आई एका धुलाईघरात कामाला आहे. तिनं दुसऱ्या दिवशी तिथं, खुर्च्या उतरवायच्या होत्या त्या बुधवारची सुट्टी टाकली.

बुधवारी सकाळी आठला आम्ही पट्टे घेऊन आठव्या मजल्यावर गेलो. आणि तिथंच घोडं अडलं. मागच्या माणसांना खुर्चीमुळे पायऱ्या दिसत नाहीत. पुढच्यांना मागचं दिसत नाही. कुणीतरी बाहेरून पावलं सांगायला हवीत. मुकादम मास्तरांच्या खुर्चीला लागला होता, त्याच्याशिवाय ती उचललीच जात नव्हती. तो धापा टाकत म्हणाला, जिना सगळ्यात जास्त कुणी चढलाय, त्यानं सांगावं.

सगळ्यांनी कुजबुजकडे बघितलं.

ती भिंतीला टेकून उभी होती. मास्तर हवेत, चार माणसांच्या हातात. मग तिनं पहिली पायरी सांगितली. "एक." खालचा माणूस ओरडला, ऐकू येत नाही. "एक!" तो आवाज जिन्याच्या पोकळीतून पार तळापर्यंत गेला. दोन, तीन... अठरा, थांबा, फिरवा, डावीकडचं खांद्यावर घ्या, उचला. दर मजल्याला अठरा पायऱ्या. तिला पायरी न्‌ पायरी ठाऊक होती, कुठली झिजलीय, कुठं कठडा हलतो. अकरा खुर्च्या उतरेपर्यंत ती तोच जिना अकरा वेळा वर गेली आणि अकरा वेळा पावलं सांगत खाली आली. चौथ्या मजल्याच्या वळणावर ती दर वेळी थांबा म्हणायची. दर वेळी सगळे गप्प उभे राहायचे. मग ती उचला म्हणायची.

रस्त्यावर आलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. अकरा खुर्च्या, मागेपुढे शंभरेक माणसं. सातव्या मजल्यावरच्या ड्रायव्हरनं एका बसला हात केला तर ती थांबली, आणि बसचा ड्रायव्हर ओळखीचा निघाला. त्यानं बस आडवी लावून आम्हाला चौक मोकळा करून दिला. वर्षभर ज्यांनी ऊन बघितलं नव्हतं ती माणसं डोळे किलकिले करून दुकानांच्या पाट्या वाचत होती.

कार्यालयात शिरलो तेव्हा साहेब केबिनमधून बाहेर आला. काय प्रकार आहे म्हणाला. अर्ज पेटीत टाका, गर्दी करू नका, एकाच माणसानं बोला. सगळ्यांना वाटलं मास्तर बोलतील, त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या आधी ती बोलली.

"अर्जदार समक्ष हजर आहेत," ती म्हणाली. "नियमाप्रमाणे."

जिन्यातला आवाज अजून तिच्या गळ्यात होता. तो परत गेलाच नाही.

साहेबाचा गोडवा संपला. त्यानं वळून आवक टेबलावरच्या कारकुनाला सांगितलं की खिडकी बंद करा, आज अर्ज स्वीकारले जाणार नाहीत. कारकून उभा राहिला. खिडकीच्या झडपेला हात लावला. मी त्याच्याकडेच बघत होतो, म्हणून सांगतो, तो हात किती तरी वेळ तिथंच राहिला. मग तो परत खाली बसला, शिक्का शाईच्या गादीवर दाबला आणि मास्तरांना म्हणाला, "नाव सांगा. मजला सांगा."

त्यानं अकरा अर्ज घेतले. सावकाश. प्रत्येक अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला, जशी नियमात तरतूद असेल तशी, आणि प्रत्येकाला पोच दिली. साहेब मागून दोनदा बोलला, तो ऐकू न आल्यासारखा वाचत राहिला. अकरावा झाल्यावर त्यानं खणातून एक कोरा कागद काढला, स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या, खाली तिसरा मजला असं लिहून सही केली आणि त्यावरही शिक्का मारला. कुजबुजनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची आई सरळ बघत उभी होती.

साहेबानं घसा साफ करून सांगितलं की ठीक आहे, अर्ज मिळाले, तीस दिवसांत निर्णय कळवू, आता आपण जाऊ शकता.

"जाणार कसे?" मास्तर म्हणाले. "लिफ्ट बंद आहे."

आधी ड्रायव्हर हसला, मग सगळं दालन हसलं, कार्यालयातले दोन कारकूनसुद्धा. आणि मग कुणीच हललं नाही. सिस्टर औषधांच्या वेळा बघत फिरत होत्या. दुपारी घराघरांतून डबे आले. चार वाजता एक पोलीस आला. त्यानं विचारलं, तुमचा पुढारी कोण? एरवी असल्या प्रश्नावर माणसं एकमेकांकडे बघतात. ती लगेच म्हणाली, "मी." पोलिसानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग सांगितलं की या सगळ्यांना हलवा. कुठं हलवू, तिनं विचारलं. घरी, तो म्हणाला. तिनं त्याला प्रत्येकाचा मजला सांगितला. आठवा, सातवा, सातवा, सहावा. तो ऐकत गेला, मास्तरांच्या खुर्चीकडे एकदा बघितलं, आणि टोपी काढून दाराशी जाऊन उभा राहिला.

साडेपाचला कार्यालय बंद करायची वेळ झाली. अकरा म्हाताऱ्या-आजारी माणसांना आत ठेवून कुलूप कसं लावायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. साहेबाचे फोनवर फोन चालले होते. सहा वाजले तसं आम्ही जागच्या जागी गप्प बसलो, रोजच्यासारखे. कुणी ठरवलं नव्हतं. वीस मिनिटं त्या दालनात पंख्याशिवाय आवाज नव्हता. साहेबाला ती शांतता घोषणांपेक्षा जड गेली असावी. तो दोनदा बाहेर आला आणि दोनदा परत आत गेला.

पावणेसातला मोठे साहेब गाडीतून आले. त्यांनी सगळं बघितलं, आमच्या साहेबाकडे एकदाच बघितलं आणि कागद मागवला. लिहून दिलं की काम शक्य तितक्या लवकर सुरू होईल. कुजबुजनं कागद वाचला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाली, शक्य तितक्या लवकर हे आम्ही चौदा महिने वाचतोय, तारीख लिहा. मोठे साहेब म्हणाले, तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?

"माझा विश्वास आहे," ती म्हणाली. "पण तुमच्यावर नाही. तारीख लिहा."

त्यांनी तारीख लिहिली. येता सोमवार.

आम्ही सगळ्यांना पुन्हा वर नेलं. मोठे साहेब इमारतीपर्यंत आले होते. एका खुर्चीला एक हात कमी पडत होता, तिनं त्यांना सरळ विचारलं, धरता का? त्यांनी घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या बैठकीचं काहीतरी सांगितलं. गाडीचा ड्रायव्हर मात्र खाली उतरला, बाह्या वर सारल्या आणि पट्टा खांद्यावर घेतला. मोठे साहेब गाडीत बसून राहिले, तो सहा मजले चढून उतरेपर्यंत.

सोमवारी मिस्त्री आले. एकोणीस दिवसांनी लिफ्ट सुरू झाली. अजूनही मधेच रुसते, पण दुसऱ्या दिवशी माणूस येतो. कुजबुजच्या बापाला टेबलावरून काढून तळघरातल्या जुन्या फायलींत टाकलं. घर राहिलं. मला एकदा म्हणाला, धुळीनं शिंका येतात, पण खिडकी बंद कर म्हणणारं तिथं कुणी नाही, तिथं खिडकीच नाही.

महिन्याभरानं तिला नोटीस आली. कार्यालयाच्या कामात अडथळा आणला, जमाव जमवला, तरी आठ दिवसांत लेखी दिलगिरी व्यक्त करावी, नाहीतर रहिवासी समितीच्या निवडणुकीला उभं राहता येणार नाही. ती उभी राहणार आहे हे तिच्याआधी त्यांनी ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, दोन ओळी खरडून दे, कागदच तर आहे. ती संध्याकाळी खोलीत बसली, वीस मिनिटं, मग बाहेर येऊन माझ्याच टेबलावर उत्तर लिहिलं. मला वाचायला दिलं. लिहिलं होतं की मला दिलगिरी वाटत नाही. वाटेल तेव्हा कळवीन. खाली सही, आणि सहीखाली स्वतःहून लिहिलं होतं की मी समितीच्या निवडणुकीला उभी राहत आहे.

नोटिशीत काहीही असो, तिची उमेदवारी कुणी अडवली नाही. ती हरली, सहा मतांनी. पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली आणि निवडून आली. मधल्या काळात नऊ नंबरच्या इमारतीतल्या बायका तिच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण दोन वर्षं तुटलेलं, पाण्यात कबुतरं पडायची. मी तेव्हा तिला एका लग्नाच्या कोटाची काजं दिली होती, दुसऱ्या दिवशी द्यायची होती. तिनं सुई अडकवून ठेवली, उठली, आणि त्यांना विचारलं की गच्चीची किल्ली कुणाकडे असते. कोणाकडेच नाही, कुलूप कार्यालयाचं आहे, त्या म्हणाल्या.

"मग मुकादमाला हाक मारा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पुढे चालायला लागली. कोटाची काजं मी केली. वाकडी झाली.